कोंबडा की कोंबडी?

"ओवी, पळू नकोस गं!"

शाल्मलीने हे इतक्यांदा बजावलं होतं, की नवरा म्हणाला, "आता या जंगलातली माकडंसुद्धा दबकत चालायला लागतील." तिला हसू आलं नाही. अख्खा हिवाळा लेकीने दम्यापायी खिडकीत बसून काढला होता. डॉक्टरांनी आता खुशाल हिंडू द्या म्हटलं, तरी इन्हेलर शाल्मलीच्या मुठीतच होता.

वैशाख नुकताच लागला होता. वळणावर करवंदांची जाळी दिसली. ओवीने एक काळंभोर करवंद तोडून आईपुढे धरलं. "आतून लाल म्हणजे कोंबडा, पांढरं म्हणजे कोंबडी. सांग!"

"धुतलेलं नाहीये ते. टाक आधी."

ओवीने मुकाट्याने टाकलं. ना हट्ट, ना रुसवा. पहिलीतल्या पोरीने इतकं शहाणं का असावं?

शाल्मलीने इन्हेलर पिशवीत ठेवला, जाळीत हात घातला आणि ओढणीला पुसून एक करवंद दातांत धरलं. "कोंबडी!"

फोडलं तर लालचुटूक.

"कोंबडा! आई हरली! आता माझी पाळी!" ओवी जाळीवर तुटून पडली. मग डावावर डाव रंगले.

"चला, पुरे आता," बाबाने हाक दिली.

"नाही! अजून हवीत!" ओवीने पाय आपटले, गाल फुगवले आणि भर वाटेत फतकल मारली.

बाबाने डोळे वटारले. शाल्मली मात्र लेकीला खेटून मातीत बसली.

"आम्ही नाही येत, जा!"