हनुवटी काकांच्या वाट्याची

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिला स्टुलावर बसवलं आणि घरातली मोठी माणसं तिच्या चेहऱ्यावर वाकली. आधी लसणाचा वास आला, मग टूथपेस्टचा, मग आणखी एक, ज्याला नाव द्यायचं तिने महिनाभर टाळलं होतं.

आज निकाल होता. तिच्या चेहऱ्याची रीतसर वाटणी झाली होती. कपाळ आत्याकडे, डावा गाल आईकडे, उजवा वहिनीकडे आणि हनुवटी काकांकडे. मुरुमं नेमकी कुणाच्या उपायाने जातात ते एकदाचं कळावं, म्हणून प्रत्येकाने आपापल्या हद्दीत राहायचं होतं. राहिलेही. फक्त आत्याचा लसूण एकदा डाव्या गालावर ओघळला, तेव्हापासून आई तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा ठेवायचा, कानामागे दांड्या बसवायच्या आणि आता नीट दिसतंय का, असं विचारायचं. पंचाईत अशी की दिसायचं. बिचाऱ्याला किती वर्षांनी जग स्वच्छ दिसे आणि त्या जगात सगळ्यात पुढे तिचं पिकलेलं मुरूम उभं असे. एका बाईने तर चष्मा तिथेच काढून ठेवला. म्हणाली, जुनाच बरा होता. मालकाने महिन्याची मुदत दिली. चेहरा सुधारला तर काउंटर, नाहीतर मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन, भिंतीकडे तोंड करून. मुदत उद्या संपत होती. तिला काउंटर सोडायचा नव्हता. धूसर पाटीवरची अक्षरं अचानक वाचता आली की माणसाचा चेहरा जो उजळतो, तो तिला फार आवडायचा. नजर पाटीवरून तिच्याकडे वळेपर्यंतच, पण तेवढाही पुरायचा.

तपासणी कपाळापासून सुरू झाली. आत्या रोज लसूण ठेचून लावायची आणि तो वाळेपर्यंत समोर पहारा द्यायची. कपाळ लसणासारखंच सोलून निघालं होतं. आत्याच्या मते ही सुरुवात होती. डाव्या गालावर टूथपेस्टचे पोपडे धरले होते. आईने नखाने एक उचलला, तर खाली मुरूम जसंच्या तसं, फक्त पुदिन्याच्या वासाचं. उजव्या गालाला वहिनीने औषधाच्या दुकानातली महागडी ट्यूब लावली होती. तो गाल खरोखर तुकतुकीत झाला होता. टोमॅटोसारखा, आणि टोमॅटोला गळवं झाल्यासारखा.

काका काही बोलत नव्हते. ते सकाळी बोलत नसतच. त्यांचा उपाय शिळ्या थुंकीचा होता. उठल्यावर चूळ न भरता, चहा न घेता, एक शब्दही वाया न घालवता ती तोंडात साठवायची आणि बोटाने हनुवटीला चोळायची. थुंकी ज्याची त्याने लावायची असते, असं वहिनीने पहिल्याच दिवशी सुचवून पाहिलं होतं. त्यावर काकांनी मुरुमवाल्याची थुंकीही मुरुमवालीच असणार, असं ठणकावलं. त्यांना जन्मात एक पुटकुळी आली नव्हती.

आईने हनुवटीवरून अंगठा फिरवला. मग चष्मा लावून परत फिरवला.

“अगं बाई,” आई म्हणाली. “एकही नाही गं.”

हनुवटी स्वच्छ होती. काकांनी गाल फुगवलेलेच ठेवून दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना दर्शन दिलं.

तिला मात्र कारण ठाऊक होतं. बाकीचे वाटे पहाऱ्याखाली असायचे, पण काका एकदा चोळून झालं की चूळ भरायला पळायचे. ती त्यांच्याही आधी पळायची. मोरीत कडी लावून साबणाने हनुवटी धुवायची. दुकानात पोचल्यावर धुवायची, जेवणाआधी धुवायची, काकांची आठवण आली की धुवायची. इतकं स्वच्छ तिने आयुष्यात दुसरं काही ठेवलं नव्हतं.

सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात आत्याने हनुवटीकडे बघत लसणाची वाटी जवळ ओढली. सांगितलं तर हा वाटा रद्द होऊन कुणाकडे जाणार, ते दिसतच होतं. लसूण धुतला तरी आत शिरतो. थुंकी निदान निघून जाते.

“काका,” ती म्हणाली, “आता सगळ्या तोंडाला लावा.”

घरात एकदम एकी झाली. वहिनीने विचारलं, छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवली तर टिकेल का, म्हणजे हिला दुकानात दुपारीही लावता येईल. आत्या म्हणाली, बाटली कशाला, मी आहे की; एकाच आईची लेकरं आम्ही, माझीही थुंकी तीच. काकांनी मान हलवून ठाम नकार दिला आणि ते कामाला लागले. पण हनुवटीचा माल कपाळापर्यंत कसा पुरणार? डाव्या गालावरच ते कोरडे पडले. मग आत्याने त्यांच्यासमोर लिंबू कापून धरलं. काका एकटक लिंबाकडे बघत बसले आणि सगळे काकांच्या तोंडाकडे.

ती डोळे मिटून बसली. गालावरून काहीतरी कोमट मानेकडे निघालं होतं.

आई पिशवी घेऊन आणखी लिंबं आणायला निघाली, तेव्हा तिने ओठ शक्य तितके कमी उघडून सांगितलं,

“साबण आण. बराच आण.”