दगडासाठीचा अर्ज

"हे धाकट्याचंच काम!" थोरल्याने नोटीस टेबलावर आपटली.

अंगणातला उभा दगड म्हणे इतिहासपूर्व काळातला होता. सरकारने त्याला संरक्षित स्मारक ठरवलं होतं. आता तो हलवायचा नाही, आसपास खोदायचं नाही, काही बांधायचं नाही.

थोरला सुतार, धाकटा बसचालक. शेजारी शेजारी दोन घरं, मध्ये सामाईक अंगण आणि अंगणाच्या ऐन मध्यावर तो पुरुषभर उंचीचा दगड. वडील गेले आणि वाटणीवरून भावांचं बिनसलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर: मध्ये भिंत घालायची. दगड उपटायला सोमवारी जेसीबी यायचा होता. गुरुवारी ही नोटीस आली.

थोरल्याला एकेक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात टेप आणि कॅमेरा घेऊन दोन माणसं आली होती. धाकटा त्यांच्याशी फाटकात उभा राहून बोलत होता. मोजणीत दगडाची जागा वीतभराने थोरल्याकडे गेली, तेव्हाही धाकट्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मला नाही तर तुलाही नाही, असा डाव आहे त्याचा," तो बायकोला म्हणाला.

"असेल," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत गेला. कारकुनासमोर धाकटा आधीच बसला होता. हातात तसलीच नोटीस.

"आलास, दादा?" धाकटा उसळला. "समोरासमोर सांगायचं होतंस. चोरून अर्ज कशाला केलास?"

"उलट्या बोंबा मारू नकोस. अर्ज तू केलास!"

कारकुनाने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. मग फाईल उघडली आणि दोघांच्या मध्ये सरकवली.

अर्ज वहीतून फाडलेल्या कागदावर होता. अर्धा एका अक्षरात, अर्धा दुसऱ्याच अक्षरात. खाली दोन सह्या. पहिली थोरल्याच्या बायकोची, दुसरी धाकट्याच्या बायकोची.

धाकटा कागदाकडे बघतच राहिला. "पण ह्या दोघी तर दोन वर्षं बोलतसुद्धा नाहीत एकमेकींशी!"

थोरला शेजारच्या खुर्चीत बसला.

"बोलू नका, असं आपण त्यांना सांगितलं होतं," तो म्हणाला. "भिंत हवी का, ते विचारलं नव्हतं."