शनिवारचा चहा

मुलांनो, एक नाचाचा हॉल डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडमधल्या स्कारबरो गावी, समुद्रासमोरच्या हॉटेलात, दुपारच्या चहाबरोबर तिथे नाच चालायचा. पर्सी लॉक्सली बारा वर्षं तिथे पियानो वाजवत होते. आठ जणांचा बँड त्यांच्या मानेच्या इशाऱ्यावर चालायचा.

एका वसंतात त्यांनी लंडनला जाऊन आपल्या बँडच्या तबकड्या काढल्या. हॉटेलच्या मॅनेजरनं त्या सगळ्या घेतल्या, एक मोठा ग्रामोफोन आणला आणि बँडला कायमची रजा दिली.

"चिडू नका हो लॉक्सली," तो म्हणाला. "वाजवणार तुम्हीच! फक्त तबकडीला खोकला होत नाही आणि ती संपावर जात नाही. शनिवारी लेकीला घेऊन या. चहा माझ्याकडून."

शनिवारी पर्सी नऊ वर्षांच्या इनिडला घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. मंचावर कुणीच नव्हतं. पडद्यामागच्या ग्रामोफोनवर त्यांचाच पियानो सुरू झाला.

"बाबा, तुम्ही तिथे नाही, हे लोकांना कळेल ना?"

"कळेल गं. नाचता नाचता थांबतील बघ."

कुणी थांबलं नाही. नाच संपला की बँडकडे वळून टाळ्या वाजवायची तिथली रीत होती. जोडपी रिकाम्या मंचाकडे वळली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पर्सी खुर्चीतून उठले आणि त्यांनी कमरेत वाकून अभिवादन केलं.

कुणी पाहायच्या आत इनिडनं कोट ओढून त्यांना खाली बसवलं, आणि चहाचा कप त्यांच्या दोन्ही हातांत दिला.