जहूरला जिवंत करायचं काम

जहूर मुकादम १९६८ सालच्या जानेवारीत अल ऐनला न्यूमोनियानं वारला आणि तिथंच त्याला माती दिली गेली.

असो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी जहूर मुकादम सिमेंटच्या ट्रकमध्ये बसून दुबईहून अल ऐनला निघाला.

"उधर क्या काम है?" ट्रकवाल्या हमदुल्लानं विचारलं.

"मय्यत है."

"किसकी?"

"मेरी."

हमदुल्लानं गिअर बदलला. "फिर सुबह से जल्दी क्यों मचा रखी थी?"

भानगड साधी होती. जहूर आणि गनी एकाच गावचे, दाभोळच्या खाडीकाठचे. पासपोर्ट मात्र दोघांत एक, जहूरचा. गावात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सुटकेस, कोट आणि पासपोर्ट या वस्तू ज्याला गरज त्यानं न्याव्यात आणि आल्यावर परत द्याव्यात. जहूर दुबईला, देऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडायचा; तिथं पासपोर्ट कुणी विचारत नव्हतं. गनीला अल ऐनच्या बांधकामावर नोकरी लागली, तिथं विचारत होते. गनीनं जहूरचा पासपोर्ट नेला आणि फोटोशी जुळाव्यात म्हणून मिशाही वाढवल्या; गावाला यातलं काही कळवलं नव्हतं.

मग थंडीत त्याची छाती भरली. कंपनीनं कागद पाहिला. कागदावर जहूर होता, म्हणून जहूर मेला. गावाला तशी तार गेली.

बातमी ट्रकवाल्यांकडून देऱ्यात आली, तेव्हा नाव ऐकून जहूरनं सवयीनं इन्नालिल्लाह म्हटलं. मेलेला कोण ते मग ध्यानात आलं. मग तो ताग्यांमागे जाऊन गनीसाठी रडला.

पण आता त्याला जिवंत होणं भाग होतं. बकरी ईदनंतर गावात जहांआराशी त्याचा निकाह ठरला होता. आईबाप लहानपणीच गेलेले. आपलं म्हणावं असं माणूस त्याला पहिल्यांदाच मिळणार होतं. मेलेल्याला मुलगी कोण देणार? आणि मेलेल्याला पासपोर्ट तर सख्खा मामा ऑफिसात असला तरी देत नाही.

वाळूत दोनदा रुतून ट्रक दुपार कलल्यावर पोहोचला. अल ऐन उंचावर. दुबईत नुसत्या सदऱ्यावर फिरणारा जहूर इथं काखेत हात घालून उतरला. जबल हफीतच्या डोंगरावरून येणारा वारा सरळ हाडांत शिरत होता. गनीला साधी गोधडी दिली होती का कुणी, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो त्यानं तिथंच दाबला.

पत्र्याच्या ऑफिसात टाइमकीपर मोहिद्दीन स्टोव्हवर हात शेकत बसला होता. माणूस श्रीवर्धनचा.

"तुम्हाला म्हणायचं काय आता?" त्यानं सगळं ऐकून घेऊन विचारलं.

"जहूरच."

"जहूरला मी खांदा दिलाय, भाई."

"तो गनी होता."

"तरीच! जहूर म्हणून हाक मारली की तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा. मी समजायचो, बहिरा आहे. त्याच्या कानाशी ओरडायचो मी रोज." मोहिद्दीननं स्टोव्हची वात जरा खाली केली. "माणूस चांगला होता."

"करेक्शन होईल?"

"होईल की. फॉर्म आहे. मयताला ओळखणारे दोन साक्षीदार लागतात."

"मयत मीच."

"मग एक झाला. दुसरा मी. खऱ्या मयताचं नाव लिहा, खाली सही करा. शनिवारी गावाला तार. तुम्ही जिवंत, खलास."

"गनीच्या आईलाही तार जाईल?"

"जायलाच पाहिजे. आम्ही एक माणूस पुरलाय, भाई. तो कुणाचा तरी असणारच ना?"

जहूरनं फॉर्म घेतला. "आधी कबर बघून येतो."

कबर म्हणजे मातीचा उंचवटा आणि उशाला दगड. दगडावर काळ्या रंगात 'जहूर मुकादम'. अक्षर अगदीच वाईट होतं.

फातिहा झाल्यावर त्यानं खिशातून हव्वाबीचं, म्हणजे गनीच्या आईचं पत्र काढलं. परवाच दुकानाच्या पत्त्यावर आलेलं, न फोडलेलं. गनीला लिहितावाचता येत नसे. सात वर्षं त्याची पत्रं जहूरच लिहायचा आणि आलेली जहूरच वाचून दाखवायचा. पण पाकीट गनीच्या समोरच फोडायचं. "आधी वाचलंस की मजेची ओळ तू गिळतोस," असा गनीचा आरोप होता.

जहूर दगडाशी उकिडवा बसला, पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचू लागला.

"गनी बेटा, जहूर गेल्याची तार आली. सगळी रडली, मी पण रडले. पण तुला खरं सांगते, शेजारच्या अजरानं तारेतलं नाव वाचलं तेव्हा मी आधी शुक्र केला. तुझं नाव नव्हतं. तुझ्या तिघा भावांना दर्यानं नेलं, एक तू राहिलास. अल्ला मला माफ करो, गुणी पोर होता जहूर. जहांआरा रडत नाही, नुसती पाणी भरत राहते. आता तुझी पत्रं कोण लिहील? कुणाकडूनही लिहून घे, पण पाठव. पत्र थांबलं तर मी काय ते समजेन."

मजेची ओळ एकही नव्हती. तरी जहूर वाचून झाल्यावर जरा थांबला. गनीला हसायला नेहमी वेळ लागायचा.

तो परतला तेव्हा मोहिद्दीन दारातच उभा होता. "यल्ला, चला जहूरभाई, साहेब निघालेत. लिहिलंत?"

जहूरनं हव्वाबीचं पत्र खिशात नीट ठेवलं, फॉर्म पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहून दिलं:

"मेहेरबान मॅनेजर साहेब यांस, मयत जहूर मुकादम याच्या मृत्यूची नोंद बरोबर असून तीत दुरुस्तीची गरज नाही. मात्र सदर मयताचा निकाह बकरी ईदनंतर ठरलेला असल्यामुळे त्यास मायदेशी जाण्यासाठी पंधरा दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. मुदत संपताच तो आपल्या कबरीत हजर होईल, याची हमी मी घेतो. आपला आज्ञाधारक, गनी."