वीस तोळ्यांची हासळी

"आधी वजन, मंग वाटणी," बिजलीबाई म्हणाली आणि फडक्यातली चांदीची हासळी तिने सराफासमोर ठेवली.

हासळी तिच्या आईची, हंसाबाईंची. लग्नात गळ्यात पडलेली. आता ती मोडून दोघी नातींना, लेकीच्या आणि लेकाच्या मुलीला, सारखी द्यायची होती. त्यासाठी बिजलीबाई दिग्रसला आली होती. सोबत हंसाबाई आणि त्यांची सून राखी होती. राखी स्टुलावर टेकली आणि लगेच उठली.

"बस न वो," हंसाबाई म्हणाल्या.

"बरी हाओ मी."

वजन बरोबर भरेल हे राखीला ठाऊक होतं. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वणीच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचा, देवसिंगचा, ट्रक उलटला. हंसाबाई दवाखान्यात लेकाच्या उशाशी होत्या. ऑपरेशन थांबण्यासारखं नव्हतं. नवऱ्यासाठी राखीने सासूच्या पेटीतली हासळी कुणालाही न सांगता विकली. हासळी फक्त होळीला पेटीतून निघायची. तोवर हंगामभर कापूस वेचून, मोबाइलमधला फोटो दाखवून, तिने पुसदला हुबेहूब दुसरी घडवून घेतली. पेटीतल्या मूळ पावतीवर वीस तोळे लिहिले होते. तोळ्याला दहा ग्रॅम. तिने दोनशे ग्रॅम चांदी घातली होती.

सराफाने पिवळी पडलेली पावती उलगडली.

"बाहत्तर सालची हाये ही. म्हंजे जुने तोळे."

"तोळा तो तोळा," बिजलीबाई म्हणाली. "जुना-नवा कायचा?"

"आता आम्ही सोयीसाठी दहा ग्रॅम धरतो. जुना तोळा बारा माशांचा. अकरा ग्रॅमच्या वर जाते तो." त्याने कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. "वीस तोळे म्हंजे दोनशे तेहतीस ग्रॅम."

राखीने मनातल्या मनात वजाबाकी केली. तेहतीस ग्रॅम कमी.

"कमी भरली तं समजून घ्या, घरातूनच गेली," बिजलीबाई म्हणाली. बोलताना ती भावजयीकडेच बघत होती.

राखीला वाटलं, उघडं पडण्याआधी आपणच बोलावं.

"थांबा, दादा. मले काही सांगाचं हाये."

"मंग सांगजो," हंसाबाई म्हणाल्या. "आधी मोजू दे त्यायले."

सराफाने हासळी काट्यावर ठेवली. आकडे वरखाली झाले आणि थांबले.

"दोनशे तेहतीस. पुरे वीस तोळे."

बिजलीबाई ओशाळली. "मी काही तुले म्हणलं नोतं, वहिनी," असं पुटपुटत ती घरी फोन लावायला दुकानाबाहेर गेली.

राखीने आकडा पुन्हा वाचला. काटा बिघडला असेल. नाहीतर पुसदच्या माणसाने जास्त चांदी घातली असेल. पण फुकट कोण घालतं?

हंसाबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"त्या होळीला गळ्यात घातली तवाच हलकी लागली मले. माह्यं पायातलं एक वाळं आटवून हासळीत भरती केली मी."