कैलाससरांचं नाक

आनंदनगरच्या एमआयडीसीत केमिकल इंजिनिअरांचा उजळणी वर्ग भरला होता. शिकवणाऱ्या मॅडमनी एक बाटली हुंगायला फिरवली. सडक्या अंड्यांचा वास. जो तो नाक दाबत होता. कैलासने हुंगली, पुन्हा हुंगली. काहीच नाही. इतरांसारखंच तोंड वाकडं करून त्याने ती पुढे सरकवली. "वर्षानुवर्षं या विषारी गॅसमध्ये राहिलं, की काहींचं नाक मरतं," मॅडम म्हणाल्या, "आणि त्यांना कळतही नाही." सकाळीच प्लांटमधल्या टाकीच्या तोंडाशी वाकून कैलास ज्युनिअर किर्तीला म्हणाला होता, "वास नाही. जेवणानंतर रघूला साफसफाईला उतरव." त्याने जागेवरूनच फोन लावला. "किर्ती, रघूला थांबव! आधी गॅसचा मीटर लाव!" "मीटर कशाला, सर? तुमच्या नाकावर तर अख्खा प्लांट चालतो. रघू शिडीवरून उतरतोय." वर्गातल्या माना वळल्या. "माझं नाक मेलंय, किर्ती! त्याला बाहेर ओढ!"