दोन पानांपुढे
आठ महिन्यांपूर्वी आलेल्या पत्राला निवृत्त ग्रंथपाल आप्पांनी उत्तर दिलंच नव्हतं. आप्पांसारख्या घरी डायलिसिस करणाऱ्यांनीच सांगावं, संशोधनाचा निधी आधी कोणत्या त्रासासाठी वापरावा, असं त्यात एका संशोधन संस्थेनं कळवलं होतं. ‘आपला त्रास तो केवढा!’ म्हणून त्यांनी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. आज पनवेलच्या दवाखान्यात धीर करून म्हणाले, “डॉक्टर, दोन पानं वाचली की डोकं बधिर होतं.” “रिपोर्ट झकास आहेत, काका. टीव्ही बघा!” “यावर कुणी संशोधन करत नाही?” “कशाला करतील? अशी तक्रार पेशंट करतच नाहीत.” आप्पांचे कान तापले. “करणार कसे?” शेजारी बसलेली बायको आप्पांवरच फणकारली. “विचारलं की तुमचं आपलं ‘बरं आहे’!” डॉक्टरवरचा राग गर्रकन स्वतःवर फिरला. घरी येताच शब्दकोशातलं पत्र काढून उभ्याउभ्याच त्यांनी उत्तर लिहिलं, “मी बरा नाही. मला वाचायचंय.” आणि ते स्वतः टपालपेटीत टाकलं.